‘हॅव सेंट लास्ट फ्रायडे’ चूक, मग ‘मे हॅव सेंट लास्ट फ्रायडे’ बरोबर कसं?

अर्धविराम

इंग्रजी भाषांतर तपासून आलंय आणि खुणा बहुतेक एकाच जागी आहेत: हॅव, हॅज, हॅड आणि त्याच्या आगेमागे येणारे वेळेचे शब्द. उदाहरणं देवनागरीतच लिहितो, सारखा कळफलक बदलायला नको.

१. वी हॅव सेंट द रिपोर्ट लास्ट फ्रायडे. (चूक)
२. द टीम मे हॅव सेंट द रिपोर्ट लास्ट फ्रायडे. (बरोबर)
३. शी इज वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स. (चूक, तीही दोन ठिकाणी)
४. वी विल हॅव फिनिश्ड द वर्क टिल मंडे. (चूक)
५. द मॅनेजर हॅड लेफ्ट ॲट सिक्स. (चूक नाही, पण शेरा ‘संदिग्ध’)
६. ही हॅज गॉन टु लंडन फॉर टू वीक्स. (व्याकरण ठीक, अर्थ मूळचा नाही. मूळ मराठी: ‘तो लंडनला जाऊन दोन आठवडे झाले.’)

‘काल, परवा, गेल्या आठवड्यात असे शब्द आले की हॅव वापरायचं नाही’ हा शाळेतला नियम माहीत आहे. पण तो दुसऱ्या वाक्यात का चालत नाही? आणि पाचव्यात संदिग्ध काय आहे? नियमापेक्षा कारण समजलं तर बरं.

कानामात्रा

कारण समजायला एकाऐवजी तीन वेळा धरून चाला. घटना घडली ती वेळ, आपण बोलतोय ती वेळ, आणि आपण जिथे उभं राहून घटनेकडे बघतोय ती वेळ. ही मांडणी हान्स रायशेनबाख यांनी १९४७ साली केली. पुढे तिच्यावर बरेच वाद झाले, पण रोजच्या कामाला ती आजही पुरते.

साध्या भूतकाळात (वी सेंट) आपण घटनेपाशी जाऊन उभे राहतो. प्रेझेंट परफेक्टमध्ये (वी हॅव सेंट) आपण आत्ताच्या क्षणात उभे असतो आणि घटना मागे कुठेतरी असते. म्हणून त्याच्याबरोबरचा वेळेचा शब्द ‘आत्ता’ला पोटात घेणारा किंवा निदान आत्तापर्यंत येऊन टेकणारा लागतो: टुडे, धिस वीक, सो फार, सिन्स मंडे, इन द लास्ट टेन डेज. ‘लास्ट फ्रायडे’ शुक्रवारी संपला. तो आत्तापर्यंत पोचत नाही, म्हणून पहिलं वाक्य फाटतं.

‘धिस मॉर्निंग’ दोन्हीकडे चालतं ते याच कारणाने. सकाळी दहाला ‘आय हॅव स्पोकन टु हर धिस मॉर्निंग’ ठीक, कारण सकाळ अजून चालू आहे. दुपारी चारला तेच सांगायचं तर ‘आय स्पोक टु हर धिस मॉर्निंग’.

आता शाळेचा नियम कुठे तोकडा पडतो ते बघा. ‘आय हॅव वोकन अप ॲट फोर मेनी टाइम्स’ हे वाक्य निर्दोष आहे. चार वाजणं हीसुद्धा वेळच, पण ती कॅलेंडरवरच्या एका खास दिवसाला बांधलेली नाही. तसंच ‘ही हॅज नेव्हर कॉल्ड ऑन अ संडे’ बरोबर, कारण कुठलाही रविवार. त्यातला ‘अ’ काढून ‘ऑन संडे’ केलंत की एक ठरावीक, होऊन गेलेला रविवार उभा राहतो आणि वाक्य मोडतं. म्हणजे मनाई भूतकाळाच्या शब्दाला नाही. घटनेला गेलेल्या तारखेला खिळवण्याला आहे.

दुसरं वाक्य. मे, मस्ट, कुड, टु यांच्यानंतर आणि ‘हॅविंग’च्या रचनेत इंग्रजीला भूतकाळ दाखवायची दुसरी सोयच नाही. ‘मे सेंट’ असं रूप होत नाही. त्यामुळे तिथे ‘हॅव’ दोन कामं करतं: परफेक्टचं आणि साध्या भूतकाळाचंही. ‘मे हॅव सेंट’ उलगडून पाहा: ‘पर्हॅप्स दे सेंट इट लास्ट फ्रायडे’. आत साधा भूतकाळच दडलेला आहे, म्हणून तारीख बिनधास्त चालते. आणखी काही:

शी मस्ट हॅव मिस्ड द ट्रेन लास्ट नाइट.
ही इज सेड टु हॅव लेफ्ट ऑन द टेन्थ.
हॅविंग साइन्ड द पेपर्स यस्टरडे, शी कॅनॉट विथड्रॉ नाऊ.

पडताळा सोपा आहे. ‘मस्ट’ किंवा ‘इज सेड टु’ काढून वाक्य सरळ करा. साध्या भूतकाळात ते नीट बसलं तर तारीख राहू द्या. फक्त हॅव आणि हॅज स्वतः मुख्य काळ दाखवत असतील तेव्हाच तारखेशी भांडण होतं.

पाचव्यातला ‘हॅड’सुद्धा असाच दुहेरी आहे. ‘हॅड लेफ्ट ॲट सिक्स’मधले सहा दोन ठिकाणी बसू शकतात. घटनेवर बसले तर मॅनेजर बरोबर सहाला निघाला. पाहण्याच्या जागेवर बसले तर सहा वाजता बघितलं तेव्हा तो आधीच गेलेला होता, साडेपाचला की चारला कोण जाणे. मराठीत ‘मॅनेजर सहाला निघाला होता’ आणि ‘सहाला मॅनेजर निघून गेलेला होता’ असा फरक आपण सहज करतो. इंग्रजीत तो मुद्दाम करावा लागतो. दुसरा अर्थ हवा असेल तर वेळ पुढे आणा आणि ऑलरेडी घाला: ‘ॲट सिक्स, द मॅनेजर हॅड ऑलरेडी लेफ्ट’. किंवा सरळ ‘बाय सिक्स’. पहिला अर्थ हवा असेल तर ‘ॲट सिक्स शार्प’ किंवा ‘ॲट एक्झॅक्टली सिक्स’ शेवटी ठेवा.

हॅडबरोबर आणखी एक नेहमीची घसरण म्हणजे ‘टू डेज अगो’. ‘अगो’ आजपासून मागे मोजतो. गोष्टीतल्या त्या दिवसापासून मागे मोजायचं तर ‘टू डेज बिफोर’ किंवा ‘टू डेज अर्लिअर’. तसंच ‘यस्टरडे’चं ‘द डे बिफोर’ होतं.

शेवटचा बाक

कानामात्रांनी चौकट दिली. ३, ४ आणि ६ मधला घोळ मात्र इंग्रजीपेक्षा मराठीतून येतो. आपले ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ एकेकटे जे काम करतात ते इंग्रजीत दोघांत वाटलेलं आहे.

‘सोमवारपासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’, दोन्हीकडे आपण ‘पासून’च लावतो. इंग्रजी विचारतं: सुरुवातीचा बिंदू सांगताय की लांबी? कॅलेंडरवर बोट ठेवता येईल ते सिन्स (सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स द मीटिंग). मोजपट्टीने मोजता येईल ते फॉर (फॉर थ्री इयर्स, फॉर अ लाँग टाइम). ‘सिन्स थ्री इयर्स’ म्हणजे मोजपट्टीच कॅलेंडरवर चिकटवल्यासारखं. तिसऱ्या वाक्यातली ही एक खूण.

दुसरी खूण ‘इज वर्किंग’ची. ‘ती तीन वर्षांपासून इथे काम करते’ यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागून सुरू होऊन आत्तापर्यंत आलेली गोष्ट परफेक्टमध्येच जाते: ‘शी हॅज वर्क्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ किंवा ‘हॅज बीन वर्किंग’. ‘फॉर’ बरोबर लावून ‘इज वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स’ लिहिलं तर वाचणारा तिची नेमणूक एकूण तीन वर्षांची आहे असं समजेल. अर्धी दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा जास्त फसवी, कारण तिला कोणी लाल खूण करत नाही.

सिन्सच्या मागे वाक्य आलं तर त्यात बहुधा साधा भूतकाळ: ‘शी हॅज चेंज्ड सिन्स शी जॉइन्ड’. ‘तिला रुजू होऊन तीन वर्षं झाली’ या आपल्या रचनेला तर तयार जोडी आहे: ‘इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स शी जॉइन्ड’. ‘होऊन इतकी वर्षं झाली’ दिसलं की आधी हीच रचना आठवा.

आता सहावं. ‘फॉर’ दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. जाणं, निघणं, विकत घेणं, मरणं, रुजू होणं या क्रिया क्षणात होतात, त्या दोन आठवडे ताणता येत नाहीत. मग ‘हॅज गॉन फॉर टू वीक्स’मधला फॉर झालेला काळ मोजायचं सोडून ठरवलेला काळ मोजतो: दोन आठवड्यांसाठी गेलाय, कदाचित आज सकाळीच. झालेला काळ सांगायचा तर क्षणाच्या क्रियापदाऐवजी त्यानंतरची स्थिती दाखवणारं घ्यावं लागतं.

हॅज गॉनचं हॅज बीन अवे.
हॅज बॉटचं हॅज हॅड.
हॅज डाइडचं हॅज बीन डेड.
हॅज मॅरिडचं हॅज बीन मॅरिड.
हॅज बॉरोड द बुकचं हॅज हॅड द बुक.

‘आय हॅव बॉरोड इट फॉर अ वीक’ म्हणजे आठवड्याच्या बोलीवर आणलंय. ‘आय हॅव हॅड इट फॉर अ वीक’ म्हणजे आणून आठवडा झाला. ग्रंथपालाला यातलं कुठलं सांगता यावर बरंच काही अवलंबून आहे!

फॉरची आणखी एक गंमत. ‘शी हॅज लिव्ड इन लंडन फॉर थ्री इयर्स’ याचे दोन अर्थ निघतात: अजून तिथे राहते, किंवा आयुष्यात कधीतरी तीन वर्षं राहिलेली आहे. तेच शब्द पुढे आणून ‘फॉर थ्री इयर्स, शी हॅज लिव्ड इन लंडन’ केलं की दुसरा अर्थ गळून पडतो. परिचयपत्रात हे अंगाशी येतं. तिथे वर्ष घालून ‘सिन्स २०२१’ लिहा, किंवा राहणं संपलं असेल तर साधा भूतकाळ.

चौथं. ‘सोमवारपर्यंत थांबतो’ आणि ‘सोमवारपर्यंत संपवतो’. पहिल्यात क्रिया सोमवारपर्यंत चालूच राहते: टिल. दुसऱ्यात सोमवार ही शेवटची मर्यादा: बाय. मराठीतच तपासा. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ किंवा ‘च्या आधी’ बसलं तर बाय. ‘सोमवारच्या आत थांबतो’ बसत नाही, म्हणून तिथे टिल. विल हॅव हे रूप एखाद्या मुदतीला काम झालेलं असेल असं सांगतं, म्हणून त्याच्याबरोबर बहुतेक वेळा बाय येतो.

नकारात हा फरक आणखी टोकदार होतो. ‘वी वोंट हॅव फिनिश्ड बाय मंडे’ म्हणजे सोमवारी पाहाल तेव्हा काम बाकी असेल, पुढे कधी होईल ते सांगितलेलं नाही. ‘वी वोंट फिनिश टिल मंडे’ म्हणजे सोमवारीच होईल, त्याआधी नाही. करारात असं एखादं वाक्य चुकलं तर तारीखच बदलते.

‘बाय द टाइम’ला लागून येणाऱ्या वाक्यात विल घालायचं नाही: ‘बाय द टाइम यू कम, वी विल हॅव फिनिश्ड’.

उपसर्ग

वरच्यात एक जोड. शाळेच्या नियमाने डोळे मिटून खुणा करणारे तपासनीस पुढची वाक्यंही कापतात, आणि ती बरोबर असतात:

वी हॅव लॉस्ट द लेटर दॅट केम लास्ट फ्रायडे.
वी हॅव रेड लास्ट फ्रायडेज रिपोर्ट.

पहिल्यात ‘लास्ट फ्रायडे’ ‘केम’ला लागलंय, हॅव लॉस्टला नाही. दुसऱ्यात ते नुसतं अहवालाचं विशेषण आहे. तेव्हा वेळेचा शब्द दिसला की आधी त्याचा मालक कोण ते शोधा. ‘कधी हरवलं?’ असं विचारून उत्तर ‘लास्ट फ्रायडे’ येत असेल तरच हॅव काढा.

मालक दोन निघत असतील तर वाक्य बदला. ‘ही हॅज प्रॉमिस्ड टु पे सिन्स मार्च’ यात सिन्स मार्च वचनाचं की पैशांचं? ‘सिन्स मार्च ही हॅज बीन प्रॉमिसिंग टु पे’ केलं की प्रश्न मिटतो.

आणि ‘गेल्या वर्षी’ व ‘गेल्या वर्षभरात’ हा फरक मराठीत आहे तसाच इंग्रजीत आहे. गेल्या वर्षी: लास्ट इयर, साधा भूतकाळ. गेल्या वर्षभरात: इन द लास्ट इयर किंवा ओव्हर द पास्ट इयर, परफेक्ट. यातला ‘द’ गाळू नका, ‘इन लास्ट टू इयर्स’ हे चुकीचं आहे.

अर्धविराम

तिघांचे आभार. ‘अ संडे’ आणि ‘संडे’ हा फरक तर लक्षातच आला नसता. आता क्रमाचं सांगा. ऑलरेडी, जस्ट, येट, स्टिल, रीसंटली यांच्या जागा नक्की कुठे? आणि अमेरिकन मंडळी ‘डिड यू ईट येट?’ म्हणतात ते चूक धरायचं का?

उपसर्ग

अमेरिकन बोलीत जस्ट, ऑलरेडी, येट यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास चालतो, ती चूक नाही. ब्रिटिश वळणाच्या लेखनात ‘हॅव यू ईटन येट?’ ठेवा. एका मजकुरात एकच वळण असू द्या, एवढं पाळलं की झालं. पण ही सवलत सिन्स आणि फॉरला लावू नका. ‘ती अजून इथेच आहे’ म्हणायचं तर अमेरिकेतही ‘शी वॉज हिअर सिन्स मंडे’ लिहून भागत नाही.

जागांचं असं. बहुतेक छोटी क्रियाविशेषणं पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच नंतर बसतात: ‘हॅज ऑलरेडी बीन टोल्ड’, ‘हॅव नेव्हर बीन आस्क्ड’. क्रिया कशी किंवा किती झाली ते सांगणारा शब्द मात्र मुख्य क्रियापदाला चिकटतो: ‘द फाइल हॅज बीन कम्प्लीटली इरेज्ड’. दोन्ही एकत्र आले की जागा आपोआप वाटल्या जातात: ‘द फाइल हॅज ऑलरेडी बीन कम्प्लीटली इरेज्ड’. शक्यतेचा शब्द असेल तर तो सगळ्यांच्या आधी: ‘हॅज प्रॉबेब्ली ऑलरेडी लेफ्ट’.

क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये काही घुसवायचं नाही. ‘हॅव फिनिश्ड ऑलरेडी द वर्क’ चूक. ‘हॅव ऑलरेडी फिनिश्ड द वर्क’ किंवा शेवटी ऑलरेडी, दोन्ही बरोबर.

येट नकारात आणि प्रश्नात, जागा शेवटी. औपचारिक लेखनात ‘हॅज नॉट येट अराइव्ड’. स्टिल मात्र हॅवच्या आधी: ‘ही स्टिल हॅजंट रिप्लाइड’. ‘हॅजंट स्टिल’ होत नाही. येटमध्ये नुसती माहिती आहे, स्टिलमध्ये वैताग. ‘अजून उत्तर आलं नाही’ आणि ‘अजूनही उत्तर आलेलं नाहीच’ यांत जेवढं अंतर आहे तेवढंच. ग्राहकाला पत्र लिहिताना हे सांभाळा.

‘जस्ट’ आणि ‘जस्ट नाऊ’ सारखे नाहीत. ‘ही हॅज जस्ट लेफ्ट’, पण ‘ही लेफ्ट जस्ट नाऊ’. दुसऱ्यात ‘नाऊ’ असूनही त्याचा अर्थ ‘क्षणभरापूर्वी’ असा होतो, म्हणून भूतकाळ.

रीसंटली दोन्ही काळांशी जमवून घेतं. लेटली तसं नाही, त्याला चालू असलेली किंवा पुन्हापुन्हा होणारी गोष्ट लागते. ‘शी हॅज बीन टायर्ड लेटली’ छान, ‘शी हॅज रिझाइन्ड लेटली’ कानाला खटकतं.

शेवटचा बाक

बातम्यांत आणि बोलण्यात ‘हॅज बीन अरेस्टेड लास्ट नाइट’ असं कधीकधी कानावर येतं. बोलणारा आधी ताजी बातमी परफेक्टमध्ये देतो आणि मग आठवून वेळ जोडतो. बोलताना खपतं, लेखनात त्याची दोन वाक्यं करा: ‘ही हॅज बीन अरेस्टेड. इट हॅपन्ड लास्ट नाइट.’

अर्धविराम

सुधारून पाहिलं. दुसरं जसंच्या तसं ठेवलं.

१. वी सेंट द रिपोर्ट लास्ट फ्रायडे.
३. शी हॅज बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.
४. वी विल हॅव फिनिश्ड द वर्क बाय मंडे.
५. बाय सिक्स, द मॅनेजर हॅड लेफ्ट.
६. ही हॅज बीन टु लंडन फॉर टू वीक्स.

कानामात्रा

पहिली चार पक्की. सहाव्यात ‘टु’ नको. ‘हॅज बीन टु लंडन’ म्हणजे जाऊन परत आला, आणि तुमचा माणूस तर अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन इन लंडन फॉर टू वीक्स’ करा.